शंका असल्यास चुंबक लावून पाहावे

अर्ज टपालपेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज आप्पांनी कान देऊन ऐकला आणि मगच ते घरी परतले. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचा तो अर्ज होता आणि विभाग होता 'मूळ पत्रा'. म्हणजे कारखान्यातून आला तसाच पत्रा, कुठे ठोकाठोकी नाही, कुठे पोचा आल्यावर पुट्टी भरून वरून रंग दिलेला नाही, अशाच गाड्या तिथे घेणार होते. 'वरील मजकूर खरा आहे' एवढ्या छापील ओळीखाली सही केली की काम भागत होतं. पण एवढ्यावर भागवणं आप्पांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. सहीच्या वर बोटभर मोकळी जागा दिसली, तेव्हा तिथे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ पदरची घातली: 'शंका असल्यास चुंबक लावून पाहावे.'

ही ओळ त्यांना स्वतःलाच इतकी आवडली, की घरी येईपर्यंत त्यांनी ती चार वेळा पुटपुटून पाहिली. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फ्रिजच्या दारावरचं टोमॅटोच्या आकाराचं चुंबक काढलं. त्याखालचा दवाखान्याच्या वेळांचा कागद तरंगत खाली गेला.

“कुठे नेताय ते?” बायकोने विचारलं.

“रंगीत तालीम,” आप्पा म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

गाडी पन्नास वर्षांची, फिकट निळ्या रंगाची, गोल दिव्यांची. शेडमधून ती बघणाऱ्याकडे अशी पाही, की बघणाऱ्याने आपसूक शर्टाची कॉलर नीट करावी. आप्पांनी बॉनेटवर चुंबक टेकवलं. खट्. टपावर टेकवलं. खट्. उजव्या मडगार्डावर, खट्. स्वतःवर खूश होत त्यांनी ते डाव्या पुढच्या दारावर ठेवलं आणि हात काढला. टोमॅटो घरंगळत चाकाखाली गेला.

आप्पांनी तो उचलला, लेंग्याला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा पडला.

“अगं, या चुंबकात बिघाड आहे!”

“फ्रिजवर चार वर्षं गुपचूप बसलंय,” आतून उत्तर आलं. “तुमच्या हातात गेलं आणि बिघडलं?”

आप्पांनी चुंबक फाटकाला लावून पाहिलं. ते असं बसलं की निघता निघेना. नळाला, खिडकीच्या गजांना, जुन्या बादलीला, सगळीकडे बसलं. दाराला मात्र बसेना. आप्पांच्या कपाळावर घाम आला, कारण मोजमापात चूक निघाली की ती मापाची नसून मालाची असते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेहतीस वर्षं ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की तराजूचा काटा थरथरे आणि काट्यामागचा दुकानदारही. कचेरीत त्यांना मागे 'मिलिमीटर' म्हणत आणि पुढेपुढे समोरही म्हणू लागले होते.

पण गाडीची गोष्ट मोजमापापलीकडची होती. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील शाळेचे हेडमास्तर, इतके हाडाचे, की घरात मुलंसुद्धा त्यांना 'सर' म्हणत. दर रविवारी सकाळी सर गाडीच्या अंगावरून तळहात फिरवत आणि मुलांना सांगत, “बघा. एक ओरखडा नाही. पत्र्यावरचा ओरखडा हा स्वभावावरचा ओरखडा असतो.” आप्पा तेरा वर्षांचे असताना त्यांच्या सायकलचं हँडल गाडीला घासलं. केसाएवढी रेघ उठली. आप्पांनी आपण होऊन सरांपुढे जाऊन सांगितलं, आणि मग जे काही झालं ते झालं. दोन तास उभं राहून ऐकून घ्यावं लागलं, रेघ पॉलिशने निघाली, सायकल महिनाभर कुलपात गेली आणि त्यानंतर घरात काहीही फुटलं, सांडलं, हरवलं की कुणी ना कुणी म्हणेच, “आप्पानं नव्हता का गाडीला ओरखडा काढला!” सर जाऊन बारा वर्षं झाली, गाडी आप्पांच्या नावावर आली, तरी चाळीसच्या वर वेग न्यायची त्यांची छाती झाली नव्हती. एरवी ती उभीच असे.

आता त्याच गाडीला चुंबक चिकटत नव्हतं. आप्पांनी खडू आणला आणि जिथे जिथे चुंबक पडेल तिथे तिथे हद्द आखायला सुरुवात केली. दुपारपर्यंत गाडी भूगोलाच्या नकाशासारखी दिसायला लागली.

बायको हात पुसत बाहेर आली. “हे काय चालवलंय?”

“सहा!” आप्पा गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणाले. “सहा ठिकाणी पुट्टी आहे!”

“सहा?” बायको पेट्रोलच्या झाकणाजवळच्या गोलाकडे बघत म्हणाली. “पाच असतील. नीट मोजा.”

“मला सांगतेस मोजायला?”

ती आत गेली.

*

पत्र्याचं काम करणाऱ्या बाईंचं वर्कशॉप दोन गल्ल्या पलीकडे होतं. आधी ते त्यांच्या वडिलांचं, वस्तादांचं. आता बाई चालवत. पंचावन्नच्या, पण हातोडी अशी धरत जशी दुसरी बाई पर्स धरेल. आप्पांनी पंधराच्या वेगाने आणलेली खडूने रंगलेली गाडी त्यांनी शांतपणे पाहिली आणि बोटाच्या पेराने वाजवत तिच्याभोवती एक चक्कर मारली. टण्. टण्. ढब्. टण्. ढब्.

“सहा,” बाई म्हणाल्या.

“बघा! मी तेच म्हणत होतो.” आप्पांना एका क्षणापुरता आनंद झाला आणि दुसऱ्या क्षणी रडू आलं. “पण हे कुणी केलं? सरांच्या गाडीला कुणी हात लावला?”

“हात आमच्या बाबांचा आहे. पापण्यांनी घासल्यासारखी पुट्टी घासायचे. म्हणून तर पन्नास वर्षं कुणाला पत्ता नाही.” बाईंनी मागच्या उजव्या दारावर हात ठेवला. “बघायचंय आत काय आहे ते? बाबांची एक खोड होती. पुट्टी भरायच्या आधी उघड्या पत्र्यावर खिळ्यानं लिहून ठेवायचे. तारीख, माणूस, कारण. म्हणायचे, डॉक्टर लिहितो की नाही?”

“काढा,” आप्पा म्हणाले.

“एकदा काढली की परत न काढल्यासारखी होत नाही हां.”

“काढा म्हणतो ना!”

ग्राइंडर सुरू झाला. आधी निळा रंग उडाला, मग खाली दुसरा जरा गडद निळा, मग गुलाबीसर पांढरी पुट्टी, बोटभर जाड. बाईंनी छिन्नीने कडा उचलली तसा खापरीएवढा तुकडा अलगद हातात आला. खाली खोलगट पोचा होता आणि त्याच्या मधोमध खिळ्याने कोरलेली तीन ओळींची नोंद. वर पंचेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. खाली 'ताईसाहेब. खांब.' आणि त्याच्याही खाली, 'घरी सांगू नये.'

आप्पा स्टुलावर बसले. मग उठले आणि त्यांनी तिथूनच थोरल्या बहिणीला फोन लावला.

“ताई, एक विचारतो. खांब म्हटलं की तुला काय आठवतं?”

“कुठला खांब?”

“तेच मी विचारतोय.”

“आप्पा, माझी भाजी करपतेय.”

“तारीख वाचून दाखवू?”

“अगं बाई!” ताईचा आवाज एकदम एकोणीस वर्षांचा झाला. “लिहून ठेवलं त्यांनी? शब्द दिला होता मला!”

“शब्द पाळला. पुट्टीखाली लिहिलंय.”

“अरे, कॉलेजात होते मी. सर चावी देईनात. दुपारी ते झोपल्यावर काढली. वळणावर खांब मध्ये आला.”

“खांब मध्ये येत नाही, ताई. खांब तिथेच असतो.”

“मला एकटीलाच धरू नकोस हां! डिकीचं धाकट्याला विचार की. आणि आईला का नाही विचारत?”

“आईला?” आप्पा ओरडले. बाईंनी ग्राइंडर बंद केला. “आईचा काय संबंध?”

पण ताईची भाजी खरोखरच करपली होती, निदान फोन तरी बंद झाला होता.

डिकीवर 'धाकटे साहेब. उभा ट्रक.' असं निघालं. मागच्या डाव्या दारावर 'आईसाहेब. पाण्याची टाकी.' त्यावरची तारीख आप्पांनी तीनदा वाचली आणि बोटांवर आठवडे मोजले. त्यांच्या सायकलच्या ओरखड्याच्या बरोबर तीन आठवडे आधीची होती ती.

*

आई चौऱ्याऐंशीची. आपल्या खोलीत खिडकीपाशी पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसली होती. आप्पांनी समोर खुर्ची ओढली आणि निरीक्षकाच्या आवाजात विचारलं, “आई, पाण्याची टाकी कधी ठोकलीस?”

“चार अक्षरी,” आई पेपरातून वर न बघता म्हणाली. “'जुनी भानगड'. शेवटचं अक्षर 'ण'.”

“आई!”

“अरे, मागे घेताना लागली. टाकीला काही झालं नाही.”

“पण तुला गाडी येत होती?”

“न यायला काय झालं? सर शाळेत गेले की मी शिकले. पोचा पडला, वस्तादांकडे दिली, दोन दिवसांत नवी कोरी. सर परगावी होते म्हणून बरं.”

“आणि तीन आठवड्यांनी त्याच गाडीवर माझ्या सायकलची केसाएवढी रेघ उठली,” आप्पांचा आवाज चिरकला, “तेव्हा सर मला दोन तास बोलत होते आणि तू तिथे उभी होतीस. तांदूळ निवडत होतीस!”

“मी मध्ये पडणार होते रे बाळ,” आईने चष्मा काढून त्यांच्याकडे मायेने पाहिलं. “पण मग विषय वाढला असता.”

एकसष्ट वर्षांच्या माणसाने आईवर रुसून बसायचं तर कुठे बसायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी ते शेडमध्ये जाऊन रिकाम्या जागेत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये गेले, तेव्हा बाईंनी दोन ठिकाणं उघडून ठेवली होती. मागच्या उजव्या दिव्याजवळचा पोचा गंजला होता. खिळ्याच्या खुणा दिसत होत्या, पण अक्षर एक लागत नव्हतं. तो कुणाचा, हे फोनवरून सगळ्यांना विचारून झालं. ताई म्हणाली, “माझा एकच.” धाकटा म्हणाला, “गळ्याची शपथ.” आई म्हणाली, “मी काय रोज ठोकत होते का?”

दुसरं ठिकाण होतं डावं पुढचं दार, सगळ्यांत मोठं, जिथून टोमॅटो पहिल्यांदा घरंगळला होता. बाई दारासमोर जराशा आडव्याच उभ्या होत्या.

“हे वाचायच्या आधी चहा घ्या,” त्या म्हणाल्या.

आप्पांनी चहा न घेताच वाचलं. 'सर. आमचीच भिंत.'

“सर?” आप्पांनी ओळीवर बोट ठेवलं. “कुठले सर?”

“एकच होते की. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तिथे, त्या खिडकीखाली गृहपाठ करत होते.” बाईंनी भिंतीकडे हात केला. विटांचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा नवा दिसत होता. “सर दर वेळी ओळखायचे. रविवारी हात फिरवला की पुट्टी त्यांना कळायचीच. मग इथे येऊन बाबांना विचारायचे, 'या वेळी कोण?' बाबा म्हणायचे, 'मी शब्द दिलाय, सर.' एक दिवस फार तापून आले. आज नाव घेतल्याशिवाय जाणारच नाही म्हणाले असतील मनात. ब्रेकऐवजी भलतंच दाबलं, गाडी वळली आणि डाव्या अंगानं थेट भिंतीवर.”

“मग?”

“मग काय! खाली उतरले, धूळ झटकली, भिंतीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. बाबांना म्हणाले, 'घरी कळता कामा नये.' बाबा म्हणाले, 'शब्द दिला, सर.' त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. नुसते यायचे, चहा प्यायचे, जायचे.”

आप्पांनी त्या नव्या विटांवरून हात फिरवला. “पोच्यांचं सगळं माहीत होतं त्यांना,” ते म्हणाले. “मग बोलणी मला एकट्यालाच का?”

“एकटे तुम्हीच समोर जाऊन सांगितलंत ना?” बाईंनी छिन्नी पुसली. “मग रागवायला हाताशी दुसरं होतं कोण?”

आप्पांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

*

रविवारी सगळे आप्पांकडे जमले. प्रश्न अब्रूचा होता. अर्ज पोचला होता, प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलं होतं आणि आयोजकांचं पत्रही आलं होतं: 'आपल्या सूचनेनुसार परीक्षक चुंबक घेऊन येतील.'

“सोपं आहे,” धाकटा म्हणाला. तो छप्पन्न वर्षांचा असला तरी घरात त्याचं नाव तेच होतं. “नव्या पुट्टीत लोखंडाचा कीस मिसळायचा. चुंबक बसलंच पाहिजे.”

“त्यापेक्षा परीक्षकाला आधी गप्पांत गुंतवू,” ताई म्हणाली. “पुढून दाखवायची आणि मागे जाऊच द्यायचं नाही.”

“त्याचं चुंबक खोटं आहे म्हण,” आईने निकाल दिला. “तू निरीक्षक होतास ना? लिहून दे तसं.”

आप्पा ताडकन उठले. “तेहतीस वर्षांत पाव ग्रॅमाची लबाडी चालवून घेतली नाही मी! मी त्यांना खरं काय ते कळवणार.”

“कळव बाबा,” धाकटा म्हणाला. “पण नावं घालू नकोस.”

“नावं, तारखा, कारणं आणि मापं. सगळं घालणार.”

मग एकच गलका झाला. नातवंडं वाचतील, सासरी कळेल, शेजारी काय म्हणतील. आप्पांच्या बायकोने सगळ्यांपुढे चहा ठेवला, बिस्किटं ठेवली आणि आप्पा पट्टी घेऊन तक्ता आखायला बसले, तशी ती हळूच म्हणाली, “पाचच लिहिलेत तरी चालेल की. सहावं कुठे उघडलंय अजून?”

“म्हणूनच उद्या उघडतो,” आप्पा म्हणाले.

सहावं पेट्रोलच्या झाकणाजवळचं. बाईंनी त्याला हात लावायला साफ नकार दिला. हे लहान आहे, हे राहू द्या, पत्रा पातळ आहे, अशा सबबी झाल्या. शेवटी आप्पांनी स्वतःच पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागले. पुट्टी नवी होती, मऊ होती. खालचं अक्षर वस्तादांचं नव्हतं. ते बाईंचं होतं. तारीख दीड वर्षापूर्वीची. 'वहिनी. घरचं फाटक.'

“कोण वहिनी?” आप्पांनी विचारलं.

“आम्ही शब्द देतो,” बाई ग्राइंडरची वायर गुंडाळत म्हणाल्या. “घराण्याची रीत आहे.”

आप्पांनी ओळखीतल्या सगळ्या वहिन्या मनात उभ्या केल्या. धाकट्याची बायको सायकलवरसुद्धा मागे बसायला घाबरे. दुसरी वहिनी नव्हती. म्हणजे धाकट्याची वहिनी. म्हणजे...

बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आप्पा दारात उभे राहिले. त्यांच्या हातात पॉलिश पेपर तसाच होता.

“दीड वर्षापूर्वी,” ते म्हणाले, “माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पंधरा दिवस पट्टी होती.”

“अगदी बरोबर,” बायको म्हणाली. “म्हणून तर तुम्हाला दिसलं नाही.”

“तू गाडी चालवतेस?”

“दर गुरुवारी. तुम्ही निवृत्तांच्या बैठकीला गेलात की चार ते सहा. बाईंनीच शिकवली. अहो, गाडी उभी राहून गंजते. तीन वर्षांत बॅटरी उतरली नाही, ती काय तुमच्या पुण्याईनं?”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

बायकोने त्यांच्याच शर्टाची घडी घातली, ती हाताने सारखी केली. “सांगणार होते. पण तुम्ही पोच्याची लांबी-रुंदी काढली असती. मग खोली. मग फाटकाची. मग मला दोन तास उभं केलं असतं.”

सरांची आठवण, सायकलची आठवण, तांदूळ निवडणारी आई, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आपण उभं केलं असतं का? प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांना उत्तर लगेच मिळालं. केलं असतं. ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी मोज्यांची एक जोडी उचलून जुळवायला घेतली.

“किती वेगानं नेतेस?” त्यांनी विचारलं.

“मोकळ्या रस्त्याला साठ. उतारावर सत्तर.”

“सत्तर,” आप्पा म्हणाले. त्यांच्या हातातले मोजे वेगवेगळ्या जोड्यांचे होते. “छान जात असेल.”

“पाखरासारखी,” बायको म्हणाली आणि त्यांच्या हातून मोजे काढून घेतले.

*

आप्पांनी पत्र धाडलं. सहा पोच्यांचा तक्ता, आकृती, मापं, कारणं, सगळं जोडलं. खाली लिहिलं, 'क्रमांक पाच: कारण अज्ञात. पूर्वीची ओळ मागे घेत आहे.' चार दिवसांत उलट टपाली उत्तर आलं: 'विभागाचं बघू. गाडी जशी आहे तशीच आणा. कृपया पुट्टी भरू नये.'

प्रदर्शनाच्या दिवशी गाडी बायकोने चालवली. आई पुढे बसली, आप्पा, ताई आणि धाकटा मागे. पोचे उघडेच होते. बाईंनी गंज घासून त्यांवर पारदर्शक वॉर्निश तेवढं मारलं होतं. मैदानात चकचकीत गाड्यांची रांग लागली होती. आरशासारखे पत्रे, हात लावू नका अशा पाट्या आणि पाट्यांशेजारी हात मागे बांधून उभे असलेले मालक. आप्पांच्या गाडीला सगळ्यांत शेवटी, पाण्याच्या पिंपाजवळ जागा मिळाली. आप्पांना मान वर करवेना.

पण अर्ध्या तासात गर्दी पिंपाजवळच झाली. लोक वाकून खिळ्याची अक्षरं वाचायचे, हसायचे, दुसऱ्याला बोलावून आणायचे. ज्या ताईने शेजाऱ्यांचं निमित्त करून आकांत केला होता, ती आता दाराला टेकून खांब किती जाड होता ते दोन्ही हातांनी दाखवत होती.

“ट्रक उभा होता असं लिहिलंय,” धाकटा डिकीपाशी जमलेल्यांना सांगत होता, “पण पूर्ण उभा नव्हता. हलत होता. मी शिताफी केली म्हणून वाचलो!”

“अहो, टाकी हजार लिटरची,” आई खुर्चीत बसून म्हणत होती. “भरलेली.”

बायको पेट्रोलच्या झाकणापाशी उभी होती आणि कुणी 'वहिनी' कोण म्हणून विचारलं की हळूच हात वर करत होती. प्रश्न उरला दिव्याजवळच्या पोच्याचा. दोन आठवड्यांपूर्वी तो कुणालाच नको होता.

“हाही बहुतेक माझाच असणार,” ताई म्हणाली. “मला अंधूक आठवतंय.”

“तुझा कसा? हा मागे घेतानाचा आहे. मागे घ्यायला मीच कच्चा होतो,” धाकटा म्हणाला.

“एकच म्हणाली होतीस ना फोनवर?” आप्पा ताईला म्हणाले.

“तू गळ्याची शपथ घेतली होतीस!” ताई धाकट्यावर उलटली.

एवढ्यात परीक्षक आले. जाड भिंगांचे, हातात वही, खिशात चुंबक. त्यांनी चुंबक बाहेरसुद्धा काढलं नाही. एकेक नोंद मोठ्याने वाचली, 'सर. आमचीच भिंत' पाशी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि आप्पांकडे वळले.

“मालक तुम्ही ना? पत्र तुम्हीच लिहिलंत? वा! आणि यातला तुमचा पोचा कोणता?”

सगळे थांबले. गर्दीतल्या अनोळखी लोकांनीही आप्पांकडे कौतुकाने, अपेक्षेने पाहिलं. आप्पांनी गाडीकडे पाहिलं. ताईचा, धाकट्याचा, आईचा, सरांचा, बायकोचा. पन्नास वर्षं घरात गाडी होती आणि तिच्यावर त्यांच्या नावाची एकही खूण नव्हती. मांडवात सगळ्यांना ताटं वाढून झाली आणि आपल्यापुढे पानच मांडलेलं नाही, असं त्यांना वाटलं. आप्पांचा हात आपोआप उचलला गेला आणि दिव्याजवळच्या गंजक्या खड्ड्यावर टेकला.

“हा,” ते म्हणाले. “हा माझा.”

“कसा झाला?”

“मागे घेताना,” आप्पा म्हणाले. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदाच खोटं बोलत असल्यामुळे त्यांना ते किती लांबवायचं याचा अंदाज नव्हता. “जोरात होतो. साठ तरी असेल वेग.”

“मागे घेताना साठ?” परीक्षकांचं पेन थांबलं.

“पासष्ट,” आप्पा म्हणाले.

“वाटेल ते बोलू नकोस बाळ!” आई खुर्चीतून कडाडली. “लाज नाही वाटत चारचौघांत खोटं बोलायला? तो माझा आहे. दुसरा.”



“दुसरा?” ताई किंचाळली.

“म्हणजे आणखी आहेत का?” धाकटा ओरडला. “आई, रोज ठोकत नव्हते म्हणालीस ना?”

“रोज नव्हतेच ठोकत,” आई म्हणाली.

दोघंही आईच्या खुर्चीकडे धावली. परीक्षक वही उघडून त्यांच्या मागोमाग गेले, गर्दी परीक्षकांच्या मागोमाग गेली आणि आप्पा गाडीपाशी एकटेच राहिले, कान लालबुंद, हात अजून पोच्यावर. चारचौघांत धडधडीत खोटं बोलताना ते पकडले गेले होते, आणि त्यांना रागवायला कुणाला सवडच नव्हती.